अकरा अर्ज आणि एक मनोरा

पत्र हातात पडलं तेव्हा त्यात दिलेली मुदत संपून सोळा दिवस उलटले होते.

दूधगाडीवाल्याने ते ड्रायव्हरच्या सीटखालून काढून नर्सबाईंना दिलं. पाकिटाचा एक कोपरा दुधाने भिजून मऊ झाला होता. नर्सबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर उभ्याउभ्याच ते वाचलं, मग चष्मा पदराने पुसून पुन्हा वाचलं. गावाजवळच्या टेकडीवर विनापरवाना उभारलेलं उंच बांधकाम पत्राच्या तारखेपासून तीन दिवसांत उतरवून घ्यावं, नाहीतर कार्यालय ते स्वतः पाडेल, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही होती. कुणाची, ते सही करणाऱ्यालाच ठाऊक.

"तीन दिवस?" दूधगाडीवाला म्हणाला. "पत्राला इथवर यायलाच एकोणीस लागले की!"

"त्यांना काय," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांचे दिवस त्यांच्या घड्याळाने चालतात."

नर्सबाईंची एक सवय साऱ्या गावाला माहीत होती. राग आला की त्या ओरडत नसत, आवरायला घेत. त्या दिवशी त्यांनी औषधांची फळी रिकामी करून पुसली, पट्ट्यांच्या गुंडाळ्या पुन्हा गुंडाळल्या, तपासणीच्या बाकाचे पायसुद्धा घासले. बाहेर बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हळूच म्हणाल्या, "काहीतरी बिनसलंय. आज उगाच खोकू नकोस."

ते 'उंच बांधकाम' म्हणजे बांबूचा मनोरा.

गाव डोंगराच्या पोटात, शहर पाच तासांवर. फोन घरोघरी होते, पण त्यांचा उपयोग वेळ बघायला आणि अंधारात पायाखाली उजेड पाडायला. बोलायचं तर टेकडीवर चढायचं, एका ठरावीक खडकावर उभं राहायचं आणि नशीब असेल तर समोरच्याचे चार शब्द ऐकायचे, त्यातले दोन तुटके. म्हणून दरवर्षी गाव शहरातल्या कार्यालयाला एक अर्ज करायचं: आमच्याकडे फोनचा एक मनोरा उभा करा. अर्ज नर्सबाई लिहायच्या आणि टपालकाका पोचवायचे.

टपालकाका म्हणजे गावाचे जुने पोस्टमन. बत्तीस वर्षं ते डोंगर उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले. निवृत्त झाले, पोस्टही बंद झालं, पण अर्जाचं पाकीट ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. "हा कागद मीच नेणार. वाटेत कुणी गहाळ केला म्हणायला जागा नको," म्हणायचे, आणि थेट कार्यालयाच्या खिडकीत देऊन पोच घेऊन यायचे.

अकरा वर्षं, अकरा अर्ज. उत्तर यायचं ते ठरलेलं: गावाची लोकसंख्या निकषात बसत नाही.

"माणसं कमी म्हणून मनोरा नाही," नर्सबाई म्हणायच्या, "आणि मनोरा नाही, शहराशी संबंध नाही, म्हणून माणसं गाव सोडून चाललीत. थांबा म्हणावं अजून दहा वर्षं. मग निकषाची गरजच उरणार नाही."

अखेर वाट काढली ती त्यांच्या धाकट्या दिराने. सगळे त्याला शिडीवाला म्हणत. बांबूच्या शिड्या, मांडव, घरांची छपरं हे त्याचं काम. एकदा तो शहरात एका उंच इमारतीला बांबूची परांची बांधायला गेला होता. नवव्या मजल्यावर बसून भाकरी खाताना त्याने आजूबाजूच्या गच्च्या बघितल्या. थाळ्यांसारख्या तबकड्या एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या. खालच्या वायरमनशी त्याने दोस्ती केली, तीन दिवस त्याचं डोकं खाल्लं आणि परत आला तो थेट वहिनींच्या दवाखान्यात.

"वहिनी, त्या तबकड्यांना फक्त उंची लागते. मध्ये डोंगर आला नाही की झालं. आणि उंची आपल्याकडे पडून आहे."

"भावजी, लोखंड कुठून आणणार?"

"लोखंड कशाला? ओढ्याकाठी बांबूचं बेट आहे ना!"

मग सारं गाव कामाला लागलं. शिडीवाल्याने बेटातले तीन वर्षांपुढचे बांबू तेवढे निवडून तोडले, महिनाभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवले, म्हणजे पुढे कीड लागत नाही. पायासाठीचे काळे दगड माणसांनी रांग करून हातोहात टेकडीवर चढवले. रांगेत शेवटी टपालकाका उभे होते आणि दगड आला की पत्त्याप्रमाणे कुठला कुठे ठेवायचा ते सांगत होते. वीज आली ओढ्यावरच्या पाणचक्कीतून. तिच्या आसाला भंगारातल्या ट्रकचा डायनामो जोडला, त्यावर बॅटऱ्या भरायच्या. वायरमन शहरातून दोन दिवस येऊन शहराकडे तोंड करून तबकडी बसवून गेला आणि वर चढताना म्हणाला, "लोखंडी मनोऱ्यावर माझे पाय जास्त लटपटतात."

एका दुपारी चार वाजता दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्यावर शहरातल्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई दिसल्या. त्या वयाने नर्सबाईंच्या लेकीएवढ्या, बोलायला फटकळ. पहिलंच वाक्य बोलल्या, "फोटो नीट काढा हो. प्रत्येक फोटोत तुमचा अंगठा येतोय."

आठ महिने मनोरा उभा होता. रोज चारला डॉक्टरीणबाई यायच्या आणि कुणाच्या पाठीवरचे चट्टे, कुणाचा खोकला, कुणाच्या छातीतली धडधड नर्सबाई त्यांना दाखवायच्या, ऐकवायच्या. शिडीवाल्याच्या शिड्या शहरातल्या रंगाऱ्यांनी पडद्यावर बघितल्या आणि मागवल्या. पाणचक्कीवाल्या आत्याबाई शहरातल्या सुनेला रोज पडद्यावरून टोमणे मारू शकत होत्या, आणि त्यामुळे, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, त्यांची तब्येत सुधारली होती.

आणि टपालकाकांचा पाय. काकांना साखरेचा आजार. चपलेचा खिळा टोचून उजव्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि अशा पायाची जखम म्हणजे निखारा, वरून राख दिसते आणि आत धुमसत असतं. डॉक्टरीणबाई दर दोन दिवसांनी तिचा फोटो मागवत, मलम बदलत, पट्टी कशी बांधायची ते दाखवत. जखम भरत आली होती.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी जीप आणि ट्रक आला. एक तरुण इंजिनिअर आणि करवती घेतलेली चार माणसं. इंजिनिअर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. हातातल्या कागदाशीच बोलत होता.

"मुदत संपलेली आहे."

"मुदत संपल्यावरच पत्र मिळालं," नर्सबाई म्हणाल्या. "ही बघा, पाकिटावरची तारीख."

"ते मला माहीत नाही. मला हुकूम आहे."

"अकरा वर्षं आम्ही बोलावत होतो तेव्हा या गावाची वाट सापडली नाही. आज बरी सापडली!"

शिडीवाला पुढे झाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "साहेब, पाडायचाच असेल तर मी उतरवतो. मीच बांधलाय. एकेक गाठ सोडतो, म्हणजे बांबू तरी शाबूत राहतील. दोन दिवस द्या."

"दोन दिवस नाहीत."

"एक द्या."

इंजिनिअरने नकारार्थी मान हलवली आणि करवती सुरू झाल्या. पहिला पाय कापला गेला तसा मनोरा थोडा कलला, पण पडेना. गाठी सुटेनात. तिसरा पाय कापल्यावर तो उताराकडे वाकला आणि कडकड आवाज करत झुडपांवर आडवा झाला. गावाने एक अख्खा हंगाम घालवून उभं केलेलं काम चाळीस मिनिटांत संपलं. माणसांनी बांबूंचे हातभर लांबीचे तुकडे केले, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून. तबकडी ट्रकमध्ये फेकली. 'जप्त' असा शेरा कागदावर पडला.

शिडीवाला एका तुकड्याजवळ उकिडवा बसला होता. त्याने त्यावरची गाठ सोडली, दोर गुंडाळून खिशात ठेवला आणि खाली गेला. नर्सबाईंना वाटलं, तो रडला असता तर बरं झालं असतं.

पुढचे अकरा दिवस त्या रोज टेकडीवरच्या खडकावर जाऊन उभ्या राहिल्या. फोन लागेना. लागला तर फोटो जाईना. काकांची पट्टी त्या रोज स्वतः बदलत होत्या. सहाव्या दिवशी जखमेची कड त्यांना वेगळी वाटली. सूज असेल, म्हणून त्यांनी दुसरं मलम लावलं. अकराव्या दिवशी अंगठा काळसर दिसला. दुसऱ्या सकाळी काकांना दुधाच्या कॅनच्या मध्ये गादी टाकून बसवलं आणि पाच तासांचा रस्ता धरला. प्रत्येक खड्ड्याला काका म्हणत होते, "मी हा रस्ता याहून लवकर चालायचो."

रुग्णालयात त्याच दिवशी काकांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या. पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बुटक्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, दोन आठवडे फोटो का नाही पाठवलात? मला वाटलं, तुम्ही कंटाळलात. सहाव्या-सातव्या दिवशी मला दिसलं असतं तर गोळ्या बदलून भागलं असतं."

नर्सबाईंनी त्यांना मनोऱ्याचं सांगितलं. आपण सहाव्या दिवशी दुसरं मलम लावलं, तेही सांगितलं.  डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणी पाडला? कुठे बसतो तो माणूस?"

"तिथेच जाणार आहे उद्या," नर्सबाई म्हणाल्या.

कार्यालय दहाला उघडायचं ते साडेदहाला उघडलं. लांब व्हरांडा, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेल्या खुर्च्या, छताला गरगरणारा पंखा, वारा मात्र फक्त शिपायाच्या टेबलावर. साहेब मीटिंगमध्ये आहेत, शिपाई म्हणाला. नर्सबाई बसल्या. त्या रात्रभर जाग्या होत्या, डोळे चुरचुरत होते. आवरायला इथे काही नव्हतं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि बघता बघता उठून उभ्या राहिल्या.

भिंतीवर काचेच्या चौकटीत मोठा रंगीत फोटो होता. टेकडी, निळं आभाळ आणि मधोमध त्यांचा मनोरा. वर, कमरेला कोयता लावून, एका हाताने बांबू धरून हसणारा त्यांचा दीर. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'गावची साधनं, शहराशी नातं! आमच्या योजनेचं यश.'

थंडीच्या दिवसांत कॅमेरा घेऊन दोघं आले होते, ते त्यांना आठवलं. फोटो छान येतोय म्हणत होते. नर्सबाईंनी त्यांना चहा दिला होता, शिडीवाला त्यांच्यासाठी मुद्दाम पुन्हा वर चढला होता.

योजना! कुठली योजना? कुणाची? एक खिळा दिला होता का यांनी? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा बीळ मोडून मग त्यात शिरत नाही. नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खुर्ची मिळते का बघितलं, खुर्च्या तर हलत नव्हत्या. मग टाचा उंच करून त्यांनी दोन्ही हातांनी चौकट खिळ्यावरून उचलली.

"अहो बाई! अहो, ते कार्यालयाचं आहे!" शिपाई धावला.

"हा मनोरा कार्यालयाचा आहे असं इथं लिहिलंय," नर्सबाई म्हणाल्या. "मग पाडला कुणाचा, ते विचारायचंय."

चौकट छातीशी धरून त्या सरळ आत गेल्या. मीटिंग वगैरे काही नव्हती. साहेब एकटे बसून वर्तमानपत्र वाचत होते. नर्सबाईंनी चौकट वर्तमानपत्रावर ठेवली आणि शेजारी दुधाने भिजलेलं ते पत्र.

"हे काय?"

"तुमचं यश. मागच्या पंधरवड्यात तुमच्या माणसांनी करवतीने कापलं ते."

साहेबांनी फोटोकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. चूक कळायला त्यांना वेळ लागला नाही. पण चूक कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. "हे प्रसिद्धी विभागाचं काम आहे," ते म्हणाले. "आमचा परवाना विभाग. त्यांचा आमचा संबंध नाही."

"एका भिंतीच्या दोन बाजूंना बसता आणि संबंध नाही?"

"बाई, त्यांनी कौतुक केलं म्हणून परवानगी होत नाही. आणि तो पडून कुणाला लागलं असतं तर? उत्तर कोणी दिलं असतं?"

"बरोबर आहे तुमचं," नर्सबाई म्हणाल्या.  "मग तपासायला यायचं होतं. हलवून बघायचं, दोर ओढून बघायचा, हे बांबू बदला म्हणून सांगायचं. आम्ही बदलले असते, हात जोडले असते तुमच्यापुढे. तुम्ही आलात ते करवत घेऊनच. काल आमच्या म्हाताऱ्याची दोन बोटं कापली, साहेब. चालून चालून ज्या पायांनी तुमची टपालं वाहिली, त्या पायाची."

दारात शिपायामागे माणसं जमली होती. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "फार वाईट झालं. तुम्ही असं करा, रीतसर अर्ज करा. मी स्वतः लक्ष घालतो."

"अर्ज नाही करणार."

"अर्जाशिवाय कसं होईल?"

"अकरा दिलेत. पोच आहेत माझ्याकडे सगळ्यांच्या. त्यातला कुठलाही काढा, धूळ झटका आणि सही करा."

साहेबांनी कोपऱ्यातल्या वयस्कर कारकुनाला खूण केली. तो बराच वेळ आतल्या खोलीत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. तो टेबलावर ठेवताना त्याने मान खाली घातली होती.

नर्सबाईंनी सुतळी सोडली. अकराच्या अकरा पाकिटं होती. त्यांचं अक्षर, काकांनी लावलेला डिंक. चार फोडलेली. सात जशीच्या तशी बंद.

 नर्सबाईंनी एक बंद पाकीट उचललं, उलटंपालटं करून बघितलं. डिंक इतका जुना झाला होता की कागद पिवळा पडला होता.

"उत्तर दरवर्षी यायचं," त्या म्हणाल्या.  "लोकसंख्या निकषात बसत नाही म्हणून. न वाचताच मोजलीत आमची माणसं?"

"मी इथे दोनच वर्षांपूर्वी आलो," साहेब म्हणाले.

"मग ह्यातली दोन तुमची. फोडा."

दारातून कुणीतरी म्हणालं, "फोडा हो साहेब." कोण ते कळलं नाही. साहेबांनी पाकीट फोडलं आणि सगळ्यांसमोर ते पानभर वाचलं. वाचताना त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी कोरा कागद ओढला.

"तपासणी लावतो. लवकरच."

"लवकरच नको. तारीख."

त्यांनी तारीख लिहिली. नर्सबाईंनी शिक्का मारून घेतला, जप्त तबकडी परत मागितली आणि मागच्या खोलीतून ती स्वतः उचलून आणली. तिची कड चेपली होती. निघताना त्यांनी चौकट टेबलावरच राहू दिली.

काकांना आणि तबकडीला घेऊन त्या गावात परतल्या तेव्हा शिडीवाल्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातला दोर काढला. "तारखेची वाट नाही बघायची, वहिनी. ते येतील तेव्हा उभा दिसला पाहिजे." ओढ्याकाठच्या बेटात आता कोवळेच बांबू उरले होते, ते त्याने तोडले नाहीत. पलीकडच्या गावाने त्यांच्या बेटातले दिले. एका अटीवर: त्यांच्याही आजाऱ्यांना चारला पडद्यासमोर बसवायचं.

तपासणीला आला तोच तरुण इंजिनिअर. त्याने दोर ओढले, पाया बघितला, वरपर्यंत चढला आणि चार बांबू जास्तीचे आडवे बांधायला सांगितले. ते रास्त होतं, शिडीवाल्याने तिथेच बांधले. इंजिनिअर बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "ही गाठ मला दाखवाल का?"

"दाखवतो," शिडीवाला म्हणाला. "पण सोडायलाही शिका. मागच्या वेळी तेवढंच तर मागत होतो."

इंजिनिअरने खाली बघितलं. दोन वेळा त्याची गाठ चुकली, तिसऱ्या वेळी बसली.

परवाना आला तो सहा महिन्यांचा. पुढे वाढवण्यासाठी नव्याने अर्ज करावा, असं खाली लिहिलेलं. गावात आनंद झाला. पाणचक्कीवाल्या आत्याबाई सुनेला उरलेले टोमणे मारायला लगेच बसल्या. सासूबाई नर्सबाईंना म्हणाल्या, "झालं ना आता मनासारखं? सोड तो राग."

"का सोडू?" नर्सबाई म्हणाल्या. "काका काठी टेकत चालतात, ती काठी सोडू शकतात का?"

 खरं सांगायचं तर राग नुसता साहेबांवर नव्हता. सहाव्या दिवशी ते मलम लावणारा हात त्यांचा स्वतःचा होता, आणि गावात हे त्या कुणाला सांगत नसत. टपालकाकांनी मात्र ओळखलं होतं. एकदा पट्टी बदलताना ते म्हणाले, "पोरी, बत्तीस वर्षांत माझ्याही हातून एक-दोन पत्रं चुकीच्या दारात पडली असतील. पण मी पाकीट न उघडता उत्तर कधी लिहिलं नाही."

नंतरच्या आठवड्यात प्रसिद्धी विभागातून एक बाई पडद्यावर आल्या. बोलायला गोड. नव्या मनोऱ्याचा फोटो हवा होता, जमलं तर त्या शिडीवाल्या हसऱ्या माणसासकट.

"या की," नर्सबाई म्हणाल्या. "खुशाल काढा. फक्त शेजारी आणखी एक फोटो छापायचा. आमच्या काकांच्या उजव्या पायाचा. माझा अंगठा न येता कसा काढायचा ते मला आता जमतं."

 त्या बाई म्हणाल्या, "वरिष्ठांना विचारून कळवते हं."

त्याला पाच महिने झाले. अजून विचारताहेत.